श्रुतिकेतला राक्षस बोलतो, पण शब्द कळत नाहीत. आवाज कसा बांधायचा?

पडद्यामागचा आवाज:
कालप्रवासाच्या श्रुतिकेचं ध्वनिमुद्रण सुरू आहे. चार भाग, प्रत्येकी २५ मिनिटं. पात्रं आजच्या मुंबईतून १९०४, १९६३ आणि १९८१ मध्ये जातात आणि त्यांच्या मागावर एक राक्षस आहे. तो हाडामांसाचा आहे, यंत्र नाही, आणि तो बोलतो.

अडचणी दोन. राक्षसाचा आवाज सहा सेमीटोन (अर्धे सूर) खाली आणून त्यावर २५० हर्ट्झचं रिंग मॉड्युलेशन (आवाजाला दुसऱ्या लहरीने गुणणारा परिणाम) लावलंय. अंगावर काटा येतो, पण वाक्यं समजत नाहीत. ‘साप’ म्हटलं की ‘शाप’ ऐकू येतं. दुसरं म्हणजे निवेदक अजिबात नकोय आणि त्यामुळे काळ बदलल्याचं ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. रीपर हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर वापरतोय, माइक साधा यूएसबीचा, खोलीत गोधड्या टांगल्या आहेत.

राळ आणि तार:
‘साप’चा ‘शाप’ का होतो ते आधी बघा, म्हणजे उपाय आपोआप सापडेल. ‘स’चा जोर साधारण ५००० ते ८००० हर्ट्झमध्ये असतो, ‘श’चा त्याच्या बराच खाली, ३००० ते ४००० च्या आसपास. सहा सेमीटोन खाली म्हणजे प्रत्येक कंपनसंख्या ०.७ पट. ६००० ची ४२०० झाली, म्हणजे तुमचा ‘स’ थेट ‘श’च्या घरात जाऊन बसला. मराठीत आणखी एक खोच आहे: ‘जग जिंकेन’मधला ‘जग’ आणि ‘तू जग’मधला ‘जग’ आपण फक्त ‘ज’च्या उच्चारावरून वेगळे ओळखतो. तो फरकही याच पट्ट्यात असतो, त्यामुळे तोही पुसला जातो.

म्हणून आवाजाचे दोन ट्रॅक करा. पहिल्यावर ३५०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापा आणि तोच सहा सेमीटोन खाली न्या. दुसऱ्यावर ३५०० च्या खालचं कापा आणि त्याला हातही लावू नका, फक्त ४ ते ६ डेसिबल हळू ठेवा. दोन्ही एकत्र वाजवले की घसा राक्षसाचा राहतो आणि व्यंजनं माणसाची. दोन ट्रॅक काही मिलिसेकंदांनी मागेपुढे होणार, कारण पिच बदलणारं प्लगइन वेळ खातं. रीपर ती भरपाई बहुतेक वेळा स्वतः करतो. तरी ‘ट’, ‘क’ असं एखादं स्फोटक व्यंजन मोठं करून लाटा जुळवून घ्याच. नाही जुळल्या तर प्रत्येक ‘ट’ दोनदा ऐकू येतो.

आणि नटाला सावकाश बोलायला सांगा. नंतर आवाज ताणून संथ करू नका, सगळे स्वर लिबलिबीत होतात.

वलयांकित:
रिंग मॉड्युलेशनबद्दल. यात दोन लहरींचा गुणाकार होतो आणि हाती येते फक्त बेरीज आणि वजाबाकी. २०० हर्ट्झचा स्वर ३० हर्ट्झने गुणला की १७० आणि २३० मिळतात, मूळ २०० नाहीसा होतो. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या कालप्रवासाच्या मालिकेतल्या डालेकांचा, म्हणजे यंत्रात बसलेल्या खलनायकांचा, आवाज १९६३ पासून याच तंत्रावर उभा आहे आणि तिथे लावतात ती लहर साधारण ३० हर्ट्झचीच असते. एवढ्या छोट्या सरकण्याने स्वरांची ओळख बिघडत नाही, फक्त आवाजाला करवतीचे दाते येतात. तुम्ही २५० लावलेत. तेवढ्या अंतराने ‘आ’ आणि ‘ओ’ यांच्या ओळखीच्या जागाच हलतात, मग शब्द कळणार कसे?

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. डालेकचं अर्धं काम नट करतो. अक्षरं तोडून, एकाच सुरात, शेवटचा स्वर ताणून आणि चढवत तो बोलतो. सपाट संभाषणाच्या सुरावर तेच मॉड्युलेशन लावलंत तर खराब फोनलाइन वाटेल.

ट्रेमोलोला, म्हणजे आवाज सतत लहानमोठा करणाऱ्या परिणामाला, रिंग मॉड्युलेटर समजू नका. ट्रेमोलोत मूळ आवाजही शिल्लक राहतो, त्यामुळे परिणाम निम्मा होतो.

राळ आणि तार:
हे सगळं बरोबर, पण ते यंत्राचं आहे. यांचा राक्षस हाडामांसाचा आहे. माझ्या मते रिंग मॉड्युलेशन पूर्ण काढा आणि त्या जागी शरीर आणा. शब्दांच्या खाली श्वास, शब्दांच्या मध्ये लाळ, वाक्य संपल्यावर हाडांची करकर.

हाडांना मुळा किंवा कोबीचा जाड देठ माइकपासून वीतभर अंतरावर पिळून मोडा. कातडीला ओला, जड टॉवेल फरशीवर ओढा. गुरगुरण्यासाठी १९५४ च्या गॉडझिलाची युक्ती आजही तोडीस तोड आहे: डबल बासच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला कातडी हातमोजा घासला होता. राळ व्हायोलिन विकणाऱ्या दुकानात मिळते. जुन्या गिटारची सर्वांत जाड तार अर्धी सैल करून तेच करा आणि मुद्रण निम्म्या किंवा पाव वेगाने वाजवा.

इथे एक चूक हमखास होते. ४८ किलोहर्ट्झच्या मुद्रणात २४ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज असतो. पाव वेगाला त्याचे ६ होतात आणि राक्षस उशीखालून ओरडल्यासारखा होतो. ९६ ला मुद्रित केलंत तर १२ पर्यंत मिळू शकतं, पण माइक २० च्या वरचं खरंच पकडत असेल तरच. यूएसबी माइकला हे सहसा जमत नाही, म्हणून निम्म्या वेगावर थांबा.

जुना भोंगा:
काळाच्या प्रश्नाकडे येतो. लोक प्रवासाच्या ‘झूम’वर सगळी मेहनत घालवतात. काळ कळतो तो पोचल्यानंतरच्या शांततेवरून.

आजच्या खोलीत ट्यूबलाइटच्या चोकची १०० हर्ट्झची गुणगुण आणि पंखा ठेवा, अगदी हळू, कुणाच्या लक्षात येणार नाही इतका. १९०४ मध्ये उतरताक्षणी दोन्ही तोडा. काहीतरी गेलं एवढंच ऐकणाऱ्याला जाणवेल, आणि तेच हवंय. मग घोड्यांच्या टापा आणि रुळांवरची चाकं: मुंबईत घोड्यांची ट्राम १९०५ पर्यंत होती. प्रसंग पायधुणीला नेता आला तर उत्तमच, कारण १८७४ चे पहिले मार्ग तिथे येत होते. १९६३ साठी विजेच्या ट्रामची घंटा. ती १९०७ ला आली आणि ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर अशी शेवटची धावली, त्यामुळे १९६३ ला ती चपखल बसते. भिंतीपलीकडे रेडिओ चालेल, फक्त खरं चित्रपटगीत वापरू नका, हक्कांचा प्रश्न येतो. चार ओळींची चाल स्वतः बांधा. १९८१ ला शेजारच्या खोलीत दूरदर्शन.

आणि गिरणीचा भोंगा तिन्ही काळांत ठेवा. तोच सूर, तीच लांबी. आजच्या प्रसंगात मात्र तो नको. जानेवारी १९८२ च्या संपानंतर काय झालं ते मराठी ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही.

प्रवासाच्या आवाजासाठी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिपरिणाम विभागातल्या ब्रायन हॉजसनने टार्डिसकरता, म्हणजे ‘डॉक्टर हू’मधल्या कालयंत्राकरता, पियानोच्या खर्जाच्या तारांवर घराची किल्ली घासली होती. तुम्ही तंबोऱ्याच्या खर्जावर नाणं घासून बघा. त्यात शेवटच्या शब्दाचा उलटा प्रतिध्वनी मिसळा: शब्द उलटा करा, तीन सेकंदांचा रिव्हर्ब (घुमारा) लावून वेगळा मुद्रित करा, परत उलटा करा आणि मूळ शब्दाच्या आधी ठेवा. शब्द भविष्यातून ओढला जात असल्यासारखा येतो. पहिल्या प्रवासाला आठ-दहा सेकंद द्या, पुढच्यांना तीन पुरतात.

पडद्यामागचा आवाज:
दोन ट्रॅकचा उपाय करून पाहिला, ‘साप’ परत साप झाला. मॉड्युलेशन काढलं. पण हेडफोनवर दणदणीत वाटणारी गुरगुर फोनच्या स्पीकरवर गायबच होते. का?

वलयांकित:
फोनचा स्पीकर २००-३०० हर्ट्झच्या खाली जवळपास काही देत नाही आणि तुमची गुरगुर ६०-८० वर आहे. आवाज वाढवून उपयोग नाही, स्पीकर फक्त थरथरेल. गुरगुरीच्या एका प्रतीवर सॅच्युरेशन लावा, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा फाटू द्या. त्यातून ८० च्या पटीतले २४०, ३२०, ४०० असे सूर तयार होतात आणि मूळ सूर ऐकू आला नाही तरी कान तो स्वतःच भरून काढतो. त्या प्रतीचं १५० च्या खालचं कापा आणि मूळच्या खाली हळू मिसळा.

शेवटी पूर्ण भाग स्टिरिओत उणे १६ एलयूएफएसला (ऐकू येणाऱ्या सरासरी जोराचं माप) आणा, शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. कुजबुज आणि किंचाळी यांत फार अंतर ठेवलंत तर लोकलमध्ये ऐकणारा कुजबुजीला आवाज वाढवेल आणि पुढच्या किंचाळीला हेडफोन काढून टाकेल.

जुना भोंगा:
आणि संहितेतून ‘अरे बापरे, त्याला तीन हात आहेत!’ असली वाक्यं काढून टाका. दाराच्या कडीवर एक हात, खिडकीच्या गजावर दुसरा आणि त्याच वेळी नायिकेच्या कानाशी श्वास. तिसरा हात कुठे आहे ते ऐकणारा स्वतः शोधू लागेल.