तांबट आजोबांच्या हातची भांडी कशी ओळखावीत आणि कशी जपावीत?

प्रश्न

माझे आजोबा पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आयुष्यभर तांब्या-पितळेची भांडी घडवत असत. हंडे, कळश्या, घंगाळी सगळेच ते करीत. पण बंब, म्हणजे मधल्या नळ्यात विस्तव घालून अंघोळीचे पाणी तापवण्याचे भांडे, हे त्यांचे खास काम होते. मठाराचे, म्हणजे भांड्यावर चकाकते ठोके उमटवण्याचे काम ते शक्यतो दुसऱ्या कोणावर सोपवत नसत. उजव्या हातातला हातोडा एका लयीत पडत राही आणि डावा हात दर ठोक्यानंतर भांडे जेमतेम तेवढ्याच रुंदीने पुढे सरकवी. आळीतल्या अखंड ठोकाठोकीने उतारवयात त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. तरी भांड्यावर अंगठा फिरवून पत्रा कोठे पातळ पडला आहे, हे ते अचूक सांगत.

आज घरात त्यांच्या हातचा एक बंब आणि एक घंगाळे एवढेच उरले आहे. बाकीची भांडी कोणाकोणाच्या लग्नात आंदण म्हणून गेली. त्यांवर देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावे आणि लग्नाची तारीख कोरलेली असते. घडवणाऱ्याचे नाव मात्र नसते, याची मला फार खंत वाटते. अशी भांडी समोर आली तर ती त्यांचीच आहेत हे ओळखता येईल का? शिवाय बंबाला यंत्रावर पॉलिश करून घ्यावे, असे नातेवाईक सुचवत आहेत. ते करावे का?

प्रतिसाद १

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: कृपया यंत्रावर पॉलिश करून घेऊ नका. फिरत्या चाकाखाली धातूचा वरचा थर घासला जातो, ठोक्यांच्या कडा बोथट होतात आणि पुन्हा पुन्हा तसे केले तर मठारच पुसट होतो. आपल्या आजोबांनी मागे ठेवलेली खरी खूण तीच आहे. चिंच आणि मीठ लावून हाताने घासणे पुरेसे आहे. चिंचेतील आम्लाने काळपट थर विरघळतो. घासून झाल्यावर भांडे भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे, नाहीतर डाग पडतात.

मठार केवळ शोभेसाठी नसतो, हेही सांगितले पाहिजे. तांबे ठोकत गेले की कडक होते आणि पुढे ठोकल्यास चिरते, म्हणून घडवताना ते मधूनमधून भट्टीत लालसर तापवून मऊ करून घ्यावे लागते. शेवटचा मठार मात्र थंड भांड्यावर करतात आणि त्यानंतर ते तापवत नाहीत, त्यामुळे तो कडकपणा भांड्यात टिकतो. पातळ पत्र्याचा हंडा भरून डोक्यावर घेतला तरी चेपत नाही, तो यामुळेच.

प्रतिसाद २

माझे आजोबाही त्वष्टा कासार, म्हणजे तांबटच होते, त्यामुळे आपला प्रश्न मनाला भिडला. खात्रीने ओळखणे अवघड आहे, पण अशक्य नाही. खोलीत अंधार करून विजेरीचा प्रकाश भांड्यावर अगदी तिरपा टाका. ठोक्यांच्या रांगा कोणत्या बाजूला कलतात, दोन रांगांत अंतर किती आहे, बुडाच्या मध्यातून बाहेर येणारी वर्तुळे काठापाशी कशी संपवली आहेत, हे पाहा. त्याच्याच जोडीला झाळलेले, म्हणजे धातू वितळवून जोडलेले सांधेही तपासा. बंबात मधल्या नळ्याचा सांधा विस्तवाची आच रोज सोसतो, म्हणून चांगला कारागीर तेथे सर्वांत जास्त काळजी घेई. आपल्याकडची दोन भांडी निश्चित त्यांचीच असल्यामुळे प्रथम त्या दोहोंत काय समान आहे ते टिपून घ्या.

एक अडचण मात्र लक्षात घ्यावी. पुष्कळदा पत्रा कापणारा एक, झाळणारा दुसरा आणि मठारणारा तिसरा असे. एखादे भांडे एकट्याचे म्हणण्यापेक्षा 'मठार त्यांचा' असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल, आणि आपण लिहिले आहे त्यावरून त्यांनाही तेच आवडले असते असे मला वाटते.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. थोडी भर घालते. बंब पुन्हा वापरात आणायचा असेल तर आत पाणी भरल्याशिवाय विस्तव कधीही घालू नये. कोरडा तापला तर झाळ सुटते. स्वयंपाकाच्या पातेल्यांना आतून कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, करून घ्यावी, कारण आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कळकतात. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, म्हणून कल्हईचे पातेले रिकामे तापत ठेवू नये.

आंदणाच्या भांड्यांवरील तारखा आणि गावे जरूर नोंदवा. आजोबांकडून भांडी नेणारे दुकानदार आणि तारखांची साले जुळली, तर शोध पुष्कळ सोपा होईल. आमच्या घरी आजीच्या लग्नातले तांबट आळीतून आणलेले एक घंगाळे आहे. त्याच्या बुडाचे तिरप्या प्रकाशातले छायाचित्र काढून पाठवते. आपल्याकडच्या घंगाळ्याशी ताडून पाहा.