इग्नेशियसच्या वाक्यातलं ‘चर्च’

प्रश्न: अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस यांची पत्रं मराठीत आणतेय. स्मुर्णाकरांना, म्हणजे स्मुर्णा शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्राच्या ८व्या प्रकरणात एका वाक्यावर अडलेय: जिथे येशू ख्रिस्त, तिथे ‘काथोलिकी एक्लेसिया’. ‘कॅथलिक चर्च’ लिहिलं की आजचा पंथ आणि घंटेचा मनोराच डोळ्यांसमोर येतो. दुसरं काही सुचतं का?

वसईकर: आमच्याकडे सरळ ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात. एक्लेसिया म्हणजे मुळात ग्रीक नगरातल्या नागरिकांची बोलावलेली सभाच की.

नगरवाला: सभा संपली की लोक घरी जातात! आमच्या बायबलात ‘मंडळी’ आहे, ‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन’. आणि हा शब्द फक्त धर्मातला नाही. घरची मंडळी, जेवायला बसलेली मंडळी, सगळ्यांना चालतो.

गोंयकार: गंमत बघा. गोव्यातली ‘इगर्ज’ पोर्तुगीज ‘इग्रेजा’मार्गे याच एक्लेसियातून आली, म्हणजे मूळ अर्थ माणसांचा जमाव, पण आज ती इमारत. उलट इंग्रजीतला ‘चर्च’ ग्रीक ‘किरियाकोन’वरून आला, म्हणजे प्रभूचं (घर), आणि तो आज संस्थेलाही लागू होतो.

वसईकर: म्हणजे ‘चर्च’ बादच. इग्नेशियसच्या काळी स्वतंत्र इमारती कुठल्या, लोक कुणाच्या तरी घरीच जमत.

जुनी वाचक: ताई, हे वाक्य सुटं घेऊ नका. परंपरेनुसार हे रोमन सम्राट ट्राजानच्या कारकिर्दीतलं, साधारण इ.स. ११०च्या आसपासचं. इग्नेशियसना शिक्षेसाठी रोमला नेत होते. पहाऱ्यावरच्या दहा शिपायांना ते ‘दहा बिबटे’ म्हणतात, चांगलं वागवलं की आणखी बिघडणारे. पुढे श्वापदांच्या तोंडी जायचंय हे ठाऊक असलेला माणूस वाटेत लिहितो काय, तर भांडू नका, बिशपला सोडून वेगळ्या चुली मांडू नका. इफिसकरांना सांगतात की तुमच्या मंडळीचे वडीलधारे पुढारी बिशपशी वीणेच्या तारांसारखे जुळले आहेत. रोमकरांना तर विनवतात, मला सोडवायच्या खटपटीत पडू नका.

स्मुर्णात वाद वेगळा होता. ख्रिस्ताने खरं दुःख भोगलंच नाही, तो नुसता भास होता, असं म्हणणारे काही जण प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर वाटून घेण्याच्या विधीला, येईनासे झाले होते. विधवा, अनाथ, भुकेला यांची त्यांना फिकीर नाही, असाही आरोप इग्नेशियस करतात. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या लेखी देह खरा, भाकर खरी, म्हणून शेजाऱ्याची भूकही खरी. त्यामुळे ‘काथोलिकी’ इथे पंथाचं नाव नाही. ‘काता’ आणि ‘होलोस’, म्हणजे समग्र, तुकडे न पडलेली. हाती असलेल्या ख्रिस्ती लेखनात हा शब्दप्रयोग पहिल्यांदा इथेच सापडतो.

नगरवाला: मग ‘सार्वत्रिक मंडळी’?

जुनी वाचक: ‘सार्वत्रिक’ म्हटलं की जगभर पसरलेली, एवढंच उरतं. मी ‘समग्र मंडळी’ घेईन.

वसईकर: ‘समग्र’ म्हटलं की मला समग्र वाङ्मय आठवतं, खंड १ ते ६. ‘अखंड’ का नको?

जुनी वाचक: ‘अखंड’मध्ये न तुटणं येतं, पुरेपणा येत नाही. पण कानाला बरा लागतो, हे कबूल.

प्रश्नकर्ती: वाक्यात ‘समग्र मंडळी’ घेते आणि खाली टीप देते की मूळ शब्द ‘काथोलिकी’, आजचं ‘कॅथलिक’ त्यातूनच आलं. आता बिशपसाठीच्या मूळ ग्रीक ‘एपिस्कोपोस’चं काय? बायबलातलं ‘अध्यक्ष’ घेतलं तर सोसायटीच्या मीटिंगसारखं वाटतंय.

नगरवाला: तिथे बिशपच ठेवा.