पाखरं पाहायला बसायचं लपण कशाचं असावं? झुडपाचं की बाजारातल्या तंबूचं?

तळ्याकाठचा: हिवाळ्यात नागपूरभोवतीच्या तळ्यांवर चक्रवाक, थापट्या अशी बदकं उतरतात आणि काठावर कॅमोफ्लाजचे तंबू लागतात. माझं ठाम मत आहे की जमिनीवरून पाखरं पाहायची, फोटो काढायचे, तर तंबू नको; जागेवर आहे तोच आडोसा घ्यावा. काल नव्हती ती चौकोनी वस्तू आज काठावर दिसली की बदकं पाण्याच्या मधोमध सरकतात. कापड वाऱ्यावर फडफडलं की उरलीसुरलीही उडतात.

जुने जाणते लोक झुडपामागे नाही, झुडपापुढे बसायचे. मागे दाट पाला असला की माणसाची आकृती त्यात विरते. झुडपावरून डोकं वर काढलं की ते आभाळावर उठून दिसतं. सूर्य पाठीशी ठेवायचा, पण आपण सावलीत. चेहरा आणि हात झाकायचे, कारण आधी तेच चमकतात आणि तेच हलतात. उजाडायच्या आत जागा धरायची, म्हणजे पाखरं आपण बसल्यावर येतात. एवढं जमलं तर साधा मळका सदराही पुरतो.

बुटीबोरीहून: पटलं नाही. ‘नैसर्गिक आडोसा’ म्हटलं की लोक कोयता काढतात. पळसाच्या, बाभळीच्या फांद्या तोडून लपण उभं करतात आणि काम झालं की तिथेच टाकून जातात. राखीव जंगलात तर फांदी तोडणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हाच आहे. तंबू निदान घडी करून घरी नेता येतो. आणि नवशिक्याला तीन तास हलू नको म्हटलं तर जमणार आहे का? तंबूत तो पाय तरी मोकळे करू शकतो.

कुही-मांढळ: काहून तोडाच्या फांद्या, भाऊ? तळ्याच्या काठानं बेशरमीची झाडी माजली आहे, तिच्यातच बसा ना. तोडाचं काम नाही, आणाचं काम नाही. पाखरांना ती रोजचीच आहे.

सावनेरकर ताई: तळ्यापुरतं ठीक. पण वाचणारा हेच उमरेड-कऱ्हांडल्याच्या किंवा पेंचच्या भोवतालच्या जंगलात करून पाहील, त्याची मला खरी धास्ती आहे. मोहफुलं वेचणारे, तेंदूपत्ता तोडणारे लोक वाकलेले किंवा बसलेले असतात तेव्हाच वाघाच्या तावडीत सापडतात. त्या उंचीचा माणूस वाघाला माणूस वाटतच नाही. शिवाय मोहाखाली पहाटे अस्वल असतं. अशा मुलखात पाला अंगावर घेऊन गुपचूप बसणं म्हणजे जिवाशी खेळ. बुद्धपौर्णिमेला वनखातं पाणवठ्यावर लोकांना मचाणावर बसवतं, त्यालाही कारण आहे. वाघाच्या रानात जमिनीवर बसू नये, कितीही जाणकार असलात तरी.

तळ्याकाठचा: ताई, वाघाच्या रानाबद्दल दुमत नाही, मी तळी आणि शेतांबद्दल बोलतोय. शेताच्या बांधावर नीलगाय पाहायची तर वारा मात्र सांभाळावा लागतो. चिमूटभर राख सोडली की कळतं. वारा आपल्याकडून जनावराकडे असेल तर त्याला आपला वास लागतो, मग तंबूही उपयोगाचा नाही, झुडूपही नाही. हरणांना लाल-केशरी नीट ओळखता येत नाही, पण निळा चांगला दिसतो. म्हणून नीळ घातलेला पांढरा शर्ट नको. आणि जवळ यावं म्हणून दाणे टाकणारे, घरट्यापुढची पानं बाजूला करणारे लक्षात ठेवा: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आमिष लावणं आणि घरट्याला त्रास देणं, दोन्ही शिकारीच्या व्याख्येत येतं.

गोंडखैरी: मला वेगळंच खुपतंय. ही सगळी शिकाऱ्यांची विद्या. ती उघड्यावर शिकवायची कशाला?

कुही-मांढळ: चोरटा शिकारी वारा पाहत बसत नाही, भाऊ. तो तारेचा फास लावतो, नाहीतर कुंपणात करंट सोडतो आणि घरी जाऊन झोपतो. त्याला तुमची विद्या लागतच नाही. फास कुठं लागला हे ज्याला रानात बसता-फिरता येतं त्यालाच दिसते. हे शिकणारी पोरं आमच्या गावात आता उरली नाहीत, मला दुःख त्याचं आहे.

गोंडखैरी: फासाचं पटलं. तरी एक आग्रह धरतो. मोठी तळी सगळ्यांना माहीत आहेत, पण उन्हाळ्यात ज्या नाल्यांत पाणी टिकतं त्या डोहांची नावं इथे कुणी लिहू नका. फास तिथेच लागतात.