वॉकीटॉकीची बॅटरी उतरलीये, सेल बदलता येतील का?

माझा हातातला मरीन व्हीएचएफ सेट (बोटीवर बोलायचा रेडिओ) जुना आहे, आत निकेल मेटल हायड्राइडचे ६ सेल, पॅकवर ७.२ व्होल्ट लिहिलंय. रात्रभर चार्ज करूनही १६ नंबर चॅनेल (संकटात हाक मारायचा) नुसता ऐकत बसलो तर तासभर चालतो, पण बोलायचं बटण दाबलं की लगेच बंद. नवीन पॅक कुठे मिळत नाही, घरी उघडून सेल टाकले तर चालेल?

डोलकाठी: चालेल. बटण दाबल्यावर बंद पडतो कारण ५ वॉटच्या पूर्ण ताकदीवर बोलताना करंट खूप ओढला जातो आणि म्हातारे सेल तिथेच बसतात, तोवर १ वॉटवर ठेवून बघ. सेल घेताना पत्र्याच्या पट्ट्या आधीच वेल्ड केलेले घे, थेट सेलवर सोल्डर लावलास तर उष्णतेने आतून मरतो. मी केलंय ते, एक सेल दोन महिन्यांत गेला 😅

मचवा: आणि सहाही एकदम बदल हां, एकच नवा टाकलास तर जुने त्यालाही घेऊन बुडतील. मध्ये मण्याएवढा थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग) असेल तो तसाच सेलला चिकटवून ठेव, काही चार्जर त्याच्यावरूनच थांबतात. लिथियम मात्र ह्या चार्जरवर अजिबात लावू नकोस, आग लागेल.

डोलकाठी: बरोबर. बंद करताना पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लाव, एक केस अडकला तरी पाणी शिरतं.

प्रश्नकर्ता: उघडला, एका सेलवर पांढरी बुरशी जमलीये. सहाच्या सहा मागवतो.