दोन दिवसांच्या चाचणीतून गोव्याचा १५ वर्षांखालील फुटबॉल संघ निवडणं थांबवावं का?

मांडवीकाठ

माझं मत सरळ आहे: थांबवावं. खुली चाचणी घ्यायची, दोन दिवसांत तीस नावं काढायची, मग शिबिर, मग राष्ट्रीय स्पर्धा, आणि तिथे कुणाच्या नजरेत भरलं तर देशाच्या संघाचं शिबिर. या साखळीची पहिलीच कडी कच्ची आहे.

समजा १६० मुलं आली आणि मैदान एकच आहे. अकरा-अकरांचा २५ मिनिटांचा सामना, पाच मिनिटं बिब्स (संघ ओळखायची रंगीत बनियनं) बदलायला. तासाला ४४ मुलं, म्हणजे सगळ्यांना एकदा बघायलाच जवळजवळ चार तास. पूर्ण ९० मिनिटांच्या सामन्यातसुद्धा एका खेळाडूच्या पायात चेंडू दोन-तीन मिनिटंच असतो. २५ मिनिटांत पाऊण मिनिट धरा. त्यात सोबतचे दहाजण अनोळखी, प्रत्येकाला आपणच दिसायचं असतं, त्यामुळे पास कुणी देत नाही. चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे कोण आहे ते बघून ठेवणारा, एका टचमध्ये खेळ दुसऱ्या बाजूला वळवणारा मिडफिल्डर अशा गर्दीत दिसतच नाही. दिसतो तो चेंडू पुढे ढकलून त्यामागे सुसाट सुटणारा, अंगाने दणकट मुलगा.

आणि तेरा-चौदाव्या वर्षी दणकट कोण असतो? ज्याची वाढ आधी झाली तो. मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती सरासरी चौदाच्या आसपास. पण कुणाची बाराव्या वर्षीच, कुणाची सोळाव्या. शिवाय वयोगटाची तारीख १ जानेवारी असल्यामुळे जानेवारीत जन्मलेला डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा. हे कुणालाही तपासता येईल. निवड यादीतल्या तीस नावांपुढे जन्ममहिना लिहा. जानेवारी ते मार्चची सात-आठ निघाली तर ठीक, पंधरा-सोळा निघाली तर निवड खेळावर झालेली नाही.

२०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने फातोर्ड्याला झाले. भारताच्या २१ जणांच्या संघात आठ मुलं मणिपूरची होती, गोव्याचं एकही नव्हतं. ज्या राज्याने फुटबॉलला राज्यक्रीडा म्हणून मान दिला, त्याला हे लागायला हवं.

माझी सूचना: लीगच्या हंगामात प्रत्येक मुलाला किमान तीन सामन्यांत, दोन वेगवेगळ्या निवडकर्त्यांनी, त्याच्या नेहमीच्या जागेवर खेळताना बघावं. चाचणी घ्यायचीच तर अशी बघून चाळीस-पन्नास नावं उरल्यावर.

वाळपईकर

असहमत. लीग बघून निवडा म्हणजे साष्टी, मुरगाव, तिसवाडी आणि बार्देश बघून निवडा. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण इथली किती मुलं वयोगट लीगमधल्या क्लबांच्या यादीत असतात? आमच्याकडचा मुलगा शाळेकडून सुब्रतो चषकाची (शालेय फुटबॉल स्पर्धेची) तालुका फेरी खेळतो, संघ हरला की त्याचं वर्ष तिथेच संपतं. मग भातकापणी झाली की शेतातल्या स्पर्धा. क्लबचा सराव आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी, सुटेपर्यंत काळोख होतो, परतीची शेवटची बस गेलेली असते. घरच्या कुणी स्कूटरने आणायचं-न्यायचं जमवलं तरच तो टिकतो. त्या मुलाला ही चाचणी एकच दार आहे, आणि तुम्ही तेच बंद करायला निघालात.

चाचणी वाईट पद्धतीने होते हे खरं, मग ती सुधारा. ३० बाय २० मीटरचे सहा चौकोन आखा, पूर्ण मैदानावर मधे जागा सोडूनही मावतात. चार विरुद्ध चार, लहान गोल, गोलकीपर नाही, आठ मिनिटांचा सामना, दर सामन्याला जोडीदार बदलायचे. एका वेळी ४८ मुलं खेळतात. प्रत्येकाचे सहा सामने धरले तर विश्रांतीसकट एका तुकडीला तासापेक्षा थोडा जास्त वेळ, १६० मुलांच्या चार तुकड्या एका दिवसात होतात. चौघांत कुणाला लपता येत नाही आणि पासही कुणी अडवून धरत नाही, कारण पास न देणारा हरतो. सहा वेळा जोडीदार बदलूनही ज्याचा संघ जिंकतो त्याचं नाव आपोआप वर येतं. दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं, नऊ विरुद्ध नऊ, आपापल्या जागेवर. गोलकीपरांचा गट पहिल्या दिवशी पूर्ण वेगळा ठेवा, नाहीतर त्यांच्याकडे दहा मिनिटांत तीन फटके येतात आणि त्यावर निकाल लागतो.

डावा बॅक

दोघांचे मुद्दे वाचले. माझ्या मते गळती निवडीत नाही, पुढे आहे. गोव्याचेच बिबियानो फर्नांडिस प्रशिक्षक असताना २०१८मध्ये आपला १६ वर्षांखालील संघ आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला. व्हिएतनामला हरवलं, इराण आणि इंडोनेशियाशी बरोबरी, दक्षिण कोरियाकडून ०-१ हार. चार सामन्यांत एकच गोल खाल्ला. असा बचाव एकत्र राहून, तीच ओळ पुन्हा पुन्हा घोटून येतो. निवडीत दोन-चार नावं इकडची तिकडे झाली असती तरी फार फरक पडला नसता.

खरा प्रश्न सतरा ते एकवीस. दहावी-बारावीच्या वर्षी निम्मा सराव बुडतो, आणि परत आल्यावर वरच्या संघात जागा नसते. २०१६मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे गोव्याचे क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, तेव्हा गोव्यातल्या अठरा-एकोणीसच्या मुलांना राष्ट्रीय पातळीवर दर आठवड्याला खेळायची जागाच आटली. पुढे २०२२मध्ये इंडियन अ‍ॅरोज हा तरुण खेळाडूंचा संघ बंद केला. त्याच वर्षी रिलायन्स फाउंडेशनची डेव्हलपमेंट लीग सुरू झाली ही चांगली गोष्ट, पण तिथे जातात ती आधीच अकादमीत असलेली मुलं. पंधराव्या वर्षी कुणाला घेतलं यावर एवढी शक्ती घालवण्यापेक्षा त्याला एकोणिसाव्या वर्षी वर्षाचे २५-३० चुरशीचे सामने कुठून देणार ते सांगा.

माधवी_फोंडा

डावा बॅक, जो मुलगा पंधराव्या वर्षी गाळला गेला तो एकोणिसाव्या वर्षाच्या हिशेबात येणारच नाही, हे तुमच्या मांडणीत सुटतं. जॅक्सन सिंग २०१७च्या विश्वचषक संघात उशिरा आला, मिनर्व्हा अकादमीतून. जन्म जून २००१चा, म्हणजे तारखेच्या हिशेबाने सर्वांत मोठ्यांपेक्षा जवळपास दीड वर्षाने लहान. भारताचा त्या स्पर्धेतला एकमेव गोल त्याचाच. दार उघडं राहिलं म्हणून तो आला.

वाढीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे खर्च नाही आणि तरीही हे कुठे नीट होत नाही. दर तीन महिन्यांनी तीन मापं: उभी उंची, बसलेली उंची, वजन. सकाळी, अनवाणी, तोच माणूस, तेच साधन. संध्याकाळी सरावानंतर उंची सेंटीमीटरभर कमी भरू शकते, मग आकडे निरुपयोगी. बसलेल्या उंचीसाठी मुलगा स्टुलावर पाठ भिंतीला टेकवून बसतो. माकडहाड भिंतीपासून सुटलं की माप चुकतं, आणि सगळ्यांत जास्त चूक इथेच होते. स्टुलाची उंची वजा करायला विसरू नका. या मापांवरून वाढीचा वेग कधी शिगेला पोचेल याचा अंदाज सूत्राने निघतो, पण त्यात अर्ध्या वर्षाची चूक गृहीत धरा. त्यापेक्षा साधी खूण म्हणजे तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरच्या वर वाढ. ती झपाट्याची वाढ. त्या काळात मुलाचा पहिला टच बिघडतो, धाव अवघडते, गुडघ्याखालचा उंचवटा किंवा टाच दुखते. फेब्रुवारी-मार्चनंतरच्या टणक मैदानावर हे दुखणं वाढतं. तेव्हा उड्या आणि स्प्रिंट कमी करायच्या, आणि त्याच महिन्यांत त्याला नापास तर मुळीच करायचं नाही.

बेल्जियम उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी ‘फ्युचर्स’ म्हणून वेगळे राष्ट्रीय संघ चालवतं. गोव्याला वेगळा संघ परवडणार नाही. तीसच्या यादीसोबत बारा जणांची दुसरी यादी आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघणं एवढं परवडेल.

आणखी एक. वय तपासायला डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीने हाडांचं वय काढतात. वयचोरी रोखायला काहीतरी हवंच. पण यात जन्मदाखला खरा असलेला, फक्त लवकर वाढलेला मुलगाही बाद होऊ शकतो. चाचणीत आपण लवकर वाढलेल्यांना उचलायचं आणि एक्स-रेत त्यांतलेच काही गमवायचे, असं दुहेरी नुकसान होतं. म्हणून एक्स-रे शिबिराच्या शेवटी ठेवू नका, नावं पक्की करण्याआधी उरका.

मुलींच्या संघाला हेच लागू, फक्त सगळं दोनेक वर्षं अलीकडे.

मांडवीकाठ

माधवीताई, दुसऱ्या यादीचा मुद्दा पूर्ण पटला.

वाळपईकर, चार-चारच्या चौकोनात पायातली कला दिसते, पण सेंटर बॅक ओळ कशी धरतो, विंगर परत येतो का, हे नाही दिसत. ते मोठ्या मैदानावर, ओळखीच्या संघातच दिसतं. तुमच्या तालुक्यांसाठी निवडकर्त्यांनीच सुब्रतोच्या तालुका फेऱ्यांना जायचं. सामने आधीच ठरलेले असतात, मुलं शाळेच्या संघात एकमेकांना ओळखतात. नोंदवहीत चारच रकाने: चेंडू येण्याआधी बघतो का, दडपणाखाली पहिला टच, चेंडू गेल्यावर पाच सेकंद काय करतो, दोन्ही पाय. अंगकाठीचा रकानाच नको.

वाळपईकर

सुब्रतोच्या फेऱ्या पावसाळ्यात होतात. गुडघाभर चिखलात पहिला टच काय बघणार? जायचं तर नोव्हेंबरनंतर, शेतातल्या स्पर्धांना. जमीन कोरडी असते आणि गावचा सर्वांत चांगला मुलगा तिथे हमखास असतो. तसं वेळापत्रक लिखित झालं आणि तीसपैकी पाच जागा क्लबात नाव नसलेल्या मुलांसाठी राखल्या, तर चाचणीचा हट्ट मी सोडेन.

डावा बॅक

राखीव जागांना माझा विरोध. शिबिरात इतरांच्या वेगाला न पुरणारा मुलगा पंधरा दिवसांत खचतो आणि फुटबॉलच सोडतो. त्या पाचजणांना आधी तीन महिने एखाद्या क्लबच्या सरावात घाला, जाण्या-येण्याचा खर्च संघटनेने उचलावा, आणि मग इतरांच्या बरोबरीने बघा.