मदत हवी आहे: ऑनलाइन घेतलेले जुने टायर खराब निघाले, विक्रेता परत घेत नाही

नमस्कार मंडळी,

जुने टायर घ्यायला सांगितलं कुणी, हे घरात ऐकून झालंय. तेवढं सोडून काहीही बोला.

गाडी स्विफ्ट, २०१४ची, टायर १६५/८० आर १४. चारही गोटा झालेले, नक्षी पार झिजलेली. वर्षभरात गाडी काढायचीय, त्यामुळे नव्या टायरना पैसे घालणं जिवावर आलं. दिल्लीतल्या एका दुकानाच्या वेबसाइटवर जाहिरात दिसली: 'शोरूम गाडीचे काढलेले, २०२२चे, ८० टक्के नक्षी शिल्लक'. नवी गाडी घेतली की काही लोक लगेच अलॉय आणि रुंद टायर टाकतात आणि मूळचे विकतात, त्यामुळे शंका आली नाही. टायरचे ८,४०० आणि ट्रान्सपोर्टचे ९०० यूपीआयने भरले. क्यूआर कोडवर दुकानाऐवजी कुणा माणसाचं नाव आलं तेव्हा क्षणभर थबकलो होतो. क्षणभरच.

टायर सांगलीत ट्रान्सपोर्टच्या गोदामात आले, तिथून थेट टायरवाल्याकडे नेऊन बसवले. तारीख बघितली ती वरच्या एकाच टायरची. ती २०२२ची होती, म्हणून खूश.

चार दिवसांनी सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंगला एका चाकाला इतकी वजनं लागली की कारागीर म्हणाला, उतरवून बघू. आतून बाजूच्या भिंतीला तळहाताएवढा पॅच! दुसऱ्या एकाला फुगा. तारखेचा पूर्ण कोड टायरच्या एकाच अंगाला होता, आणि या दोघांची ती बाजू बसवताना आत गेली होती. एकावर ३८१६, दुसऱ्यावर ०९१७. म्हणजे २०१६चा ३८वा आठवडा आणि २०१७चा नववा.

विक्रेता म्हणतो, "लावलेले टायर परत नाहीत, बिलावर नो गॅरंटी नो रिटर्न लिहिलंय." बिल म्हणजे व्हॉट्सॲपवरचा फोटो, त्यावर जीएसटी नंबरसुद्धा नाही. मग म्हणाला, हजार रुपये घ्या नि विषय संपवा. आता फोन उचलत नाही.

तो बिलावरचा शेरा टिकतो का? तक्रार करायला दिल्लीला जावं लागेल का?

गॅरेजवाला: आधी ते दोन्ही टायर काढा, आजच. तक्रार नंतर. नक्षीवर मधोमध पंक्चर असेल तर पॅच चालतो, बाजूच्या भिंतीला नाही. भिंत सतत दुमडते. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत, तो हायवेला कधीही फुटेल. आणि उरलेल्या दोघांच्या खाचा नीट बघा. काही जण गोटा टायरला गरम पात्याने नव्या खाचा पाडतात. खाचेच्या तळाशी झीज दाखवणारा छोटा उंचवटा असतो, तो १.६ मिलिमीटरला असतो. तो कुठेच दिसला नाही तर समजून जा.

कोर्टाची पायरी: 'नो रिटर्न' छापलं म्हणून कायदा संपत नाही. ई-कॉमर्सचे २०२०चे नियम सांगतात की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितला तसा नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. तुमचा मुख्य मुद्दा तारीख ठेवा. पॅच तुम्हीच मारला असं तो म्हणू शकतो, २०१६ तुम्ही कोरलं असं कसं म्हणेल? जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच काढा, उद्या ती पानावरून गायब होईल. टायरवाल्याकडून कागदावर लिहून घ्या. टायर भंगारात देऊ नका, आयोग ते तपासणीला पाठवू शकतो.

आधी १९१५वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवा, फुकट आहे. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, सांगलीचाच. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं. हजार रुपये 'विषय संपला' या अटीवर घेऊ नका.

आपला_तो_बाब्या: हे सगळं तो खरंच दुकानदार असेल तर. एखाद्याने घरचे चार टायर विकले असते तर ग्राहक आयोगात उभं राहणं अवघड. खात्यावर माणसाचं नाव आहे, उद्या तो तेच म्हणेल. वेबसाइटवरची इतर टायरांची पानंही जपून ठेवा, धंदा चालतो हे दिसलं पाहिजे.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. दोन्ही टायर उतरवले. एका चाकाला स्टेपनी, दुसऱ्याला जुनाच गोटा, गाडी गावातल्या गावात. बाब्या म्हणाले म्हणून वेबसाइट उघडली, तर माझ्याच फुगेवाल्या टायरचा फोटो तिथे अजून आहे, खालच्या कडेला तोच पिवळ्या खडूचा आकडा. किंमत मात्र दोनशेने वाढवलीय. स्क्रीनशॉट काढले. १९१५ आता लावतोय, काय म्हणतात ते इथेच लिहितो.