विषय: नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन लिथुएनिया, कुणी गेलंय का?

बर्लिनहून

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आईबाबा साताऱ्याहून आलेत, डिसेंबरच्या मध्यापर्यंत मुक्काम आहे. पॅरिस, प्राग बघून झालं. ऑक्टोबर संपताना मला चार दिवस रजा मिळतेय. बाबांनी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं. लिथुएनियन भाषा संस्कृतच्या जवळची आहे हे त्यांच्या वाचनात आलं, तेव्हापासून एकदा तिथल्या राजधानीला, व्हिल्नियसला जायचं त्यांच्या मनात आहे. पण ऑफिसात ज्याला विचारावं तो म्हणतो, या दिवसांत तिकडे कशाला? नुसता अंधार आणि चिखल, धड बर्फसुद्धा नाही. शिवाय आईचे गुडघे दुखतात आणि ती शाकाहारी आहे. उन्हाळ्यापर्यंत थांबावं तर तोवर दोघं परत गेलेले असतील. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

हॅम्बुर्गहून

अरे, जा. आणि जमलं तर १ आणि २ नोव्हेंबरला व्हिल्नियसमध्येच असाल असं बघ. बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालेल.

मी २०२४ साली नेमकी त्याच दिवसांत तिथे होते. त्या ऑगस्टात नाशिकला माझे वडील गेले. तिकीट मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दिवाळी करायची नव्हतीच. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलं होतं आणि त्या दिवशी घरात बसवणार नाही, म्हणून मी आणि हे असे दोघंच निघालो. तिथे त्या दिवसांत काय असतं, याची मला काही कल्पना नव्हती.

१ तारखेला त्यांचा सर्व संतांचा दिवस आणि २ तारखेला वेलिनेस, म्हणजे गेलेल्या माणसांचा दिवस. दोन्ही दिवशी सुट्टी असते. आधीचा आठवडाभर लोक दाताळी घेऊन दफनभूमीत जातात, आपापल्या थडग्यांवरची पानं ओढतात, दगड पुसून काढतात. आम्ही संध्याकाळी रासोसला गेलो. व्हिल्नियसची ही जुनी दफनभूमी टेकडीच्या उतारावर आहे, मोठमोठ्या झाडांखाली. फाटकाबाहेर शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या होत्या, पांढऱ्या, पिवळ्या, जांभळट, आपल्याकडे दसऱ्याच्या बाजारात असावी तेवढी शेवंती. त्यांच्या शेजारी झाकणाचे मेणदिवे विकायला ठेवले होते. मीही एक घेतला. कुणासाठी घेतला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

तो हातात धरून मी वाटेवर उभी होते. माझ्याहून वयाने मोठ्या एक आजी आल्या, त्यांनी माझा कोपर धरला आणि मला चार पावलं बाजूला नेलं. तिथे एक कललेला लोखंडी क्रूस होता, नाव वाचता येण्यासारखं उरलं नव्हतं, दिवा नव्हता. ज्याचं कुणी येत नाही त्याच्यापाशीही तिथे दिवा लावतात. ओलाव्याने माझ्या दोन काड्या विझल्या. तेव्हा आजींनी स्वतःचा दिवा तिरका करून माझी वात पेटवून दिली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. मी बाबांचं नाव घेतलं. दिवा खाली ठेवून मान वर केली, तर अख्खा उतार दिव्यांनी भरलेला होता. ओल्या पानांचा आणि मेणाचा वास होता, आणि एवढ्या थंडीत त्या दिव्यांच्या रांगांमधून चालताना पायांना ऊब लागत होती.

हे उन्हाळ्यात दिसत नाही. म्हणून सांगते, अंधाराला भिऊ नकोस. त्या आठवड्यात सूर्य पावणेपाचच्या सुमाराला मावळतो. डिसेंबरात तर चारच्या आधीच. हा देश अंधार कसा वापरायचा ते जाणतो.

त्याच रासोसमध्ये योनास बासानाविचियुस यांचं थडगं आहे. तुझ्या बाबांना तिथे ने. रशियाच्या झारशाहीने लॅटिन लिपीतल्या लिथुएनियन पुस्तकांवर १८६४ पासून १९०४ पर्यंत बंदी घातली होती. चाळीस वर्षं! लोक पुस्तकं पलीकडे पूर्व प्रशियात छापून घ्यायचे आणि रात्री सरहद्द ओलांडून पाठीवरून गावोगाव पोचवायचे. पकडला गेला तर तुरुंग, नाहीतर सैबेरिया. अशा पुस्तक वाहणाऱ्याला त्यांच्या भाषेत खास शब्द आहे, 'क्निगनेशिस'. त्या बंदीच्या काळात, १८८३ साली, बासानाविचियुस यांनी 'आउश्रा' नावाचं नियतकालिक सुरू केलं. आउश्रा म्हणजे पहाट. आपली उषा! १६ फेब्रुवारी १९१८ ला स्वातंत्र्याच्या घोषणेवर त्यांची सही झाली आणि १९२७ साली त्याच तारखेला ते गेले. सोव्हिएत काळात, १९५६ च्या वेलिनेसला, याच रासोसमध्ये दिवे लावायला आलेल्या लोकांनी स्वातंत्र्याच्या घोषणा दिल्या होत्या. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत मुलं यायला कुरकुर करतात ना, तेव्हा मी त्यांना या पुस्तकं वाहणाऱ्यांची गोष्ट सांगते. ऐकतात.

भाषेबद्दल एक. लिथुएनियन संस्कृतातून निघाली, असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते खरं नाही. दोघींचं मूळ एक, म्हणजे लांबच्या बहिणी म्हण. पण ओळख पटते ती अंगावर काटा आणणारी. सूनु, म्हणजे मुलगा, तिथे 'सूनुस', अग्नि तिथे 'उग्निस', धूम तिथे 'दूमस', मधु तिथे 'मेदुस'. त्यांची म्हण ऐक: 'द्येवस दावे दांतिस, द्येवस दुओस दुओनोस.' देवाने दात दिले, देव भाकरीही देईल. शेवटच्या शब्दातला 'दुओना' म्हणजे पाव, तो आणि आपल्या वेदांतले 'धाना', म्हणजे भाजलेले दाणे, एकाच मुळातले. आपल्याकडे ज्याने चोच दिली तो चारा देतो, तसंच.

जेवणाचं म्हणशील तर आईंना उपाशी राहावं लागणार नाही. किसलेल्या बटाट्याची धिरडी मिळतात, आंबट सायीबरोबर. लसूण चोळून तळलेला काळा राय पाव मिळतो. बटाट्याचे मोठे गोळे असतात, त्सेपेलिनाय. त्यात मांस असतं तसं ताज्या पनीरसारख्या 'वार्श्के'चं सारणही मिळतं, पण वरून डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात. मागवतानाच 'बे मेसोस' म्हणायचं, मांसाशिवाय. एक दिवस त्राकायला काढा, व्हिल्नियसपासून तीसेक किलोमीटर. तळ्यातल्या बेटावर लाल विटांचा किल्ला आहे. तिथे कराईम लोकांची, म्हणजे तुर्की वळणाची भाषा असलेल्या एका छोट्या समाजाची, जुनी वस्ती आहे. लिथुएनियाच्या व्हितौतस राजाने त्यांच्या पूर्वजांना चौदाव्या शतकाच्या अखेरीस क्रिमियातून आणलं. त्यांचे 'कीबिनाय' बघितल्यावर आई हसतील. हुबेहूब करंजी, कडेला मुरड घातलेली! पारंपरिक मटणाची, पण पालकाची नि मश्रूमचीही मिळते.

कपडे: तापमान शून्याच्या थोडं वर असतं, पण ओल फार, त्यामुळे जर्मनीपेक्षा जास्त वाजतं. पाणी न शिरणारे, तळाला पकड असलेले बूट दोघांनाही इथेच घे. आणि अंधाऱ्या रस्त्याने चालताना अंगावर चमकती पट्टी हवी, तिथला नियमच आहे.

आईबाबांना माझा नमस्कार सांग.

ड्यूसेलडॉर्फहून

काकूंनी लिहिलंय त्यातलं सगळं पटलं, एक सोडून. आईंचे गुडघे दुखत असतील तर अंधार पडल्यावर रासोसचा उतार चढवू नकोस. ओली पानं आणि झाडांची मुळं, तरणा माणूस घसरतो. तीन-साडेतीनलाच, उजेडात जा. फाटकाजवळ सपाटीवर एक मोठा काळा दगड आहे, तिथे आईंना थांबता येईल. पोलंडचे नेते युझेफ पिल्सुद्स्की १९३५ साली वारले. देह क्राकुफला आहे, पण हृदय त्यांच्या इच्छेप्रमाणे इथे, आईच्या थडग्यात ठेवलंय. आजही पोलंडहून लोक तिथे येतात. लिथुएनियन लोकांच्या मनात या माणसाबद्दल राग आहे, कारण त्याच्या फौजेने १९२० साली व्हिल्नियस घेतलं आणि त्यांना राजधानी काउनसला ठेवावी लागली. तरी त्यांनी तो दगड जपलाय.

बर्लिनहून

काकू, दादा, परवा रात्री परत आलो. तुमचे उपकार कसे मानू?

पहिल्या दिवशी पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं, आईला वाटलं उगाच आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आउश्रोस वार्ताय बघायला गेलो. जुन्या शहराचं हे वेशीचं दार, वरच्या मजल्यावर मरियमची सोन्याने मढवलेली तसबीर आहे आणि ती खाली रस्त्यावरून दिसते. लोक कामाला जाता जाता टोपी काढून क्षणभर थांबतात आणि पुढे निघतात. आई म्हणाली, हे तर आपल्या कोपऱ्यावरच्या मारुतीसारखं. बाबा दाराचं नाव पुन्हा पुन्हा म्हणत होते, उषेचं दार, उषेचं दार.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंशी बाबांची दोन दिवसांत गट्टी जमली. नाश्त्याला बाबा एक शब्द म्हणायचे, त्या त्यांचा म्हणायच्या. बाबांनी माझ्याकडे बोट करून 'सूनु' म्हटलं तर त्या एकदम 'सूनुस! सूनुस!' करत उठल्याच. निघताना त्यांनी बाबांना काळ्या पावाचा अख्खा गोळा दिला. देताना पावाचा एक तुकडा खाली पडला, तो त्यांनी उचलून ओठांना लावला. बाबांनी हात जोडले.

रासोसला साडेतीनला पोचलो. बाबा आणि मी बासानाविचियुस यांच्यापर्यंत वर जाऊन आलो. आई त्या काळ्या दगडापाशी थांबली होती. खाली आलो तेव्हा अंधार पडत होता. तिने दगडावर काय लिहिलंय ते विचारलं. मी सांगितलं, 'आई आणि मुलाचं हृदय.' ती बराच वेळ काही बोलली नाही. आजीसाठी म्हणून आणलेला दिवा तिच्या पिशवीत होता, तो तिने काढला आणि तिथल्या दिव्यांमध्ये ठेवून लावला. मग माझे हात हातात घेऊन बघितले आणि म्हणाली, "गार पडलेत. चल."